टेस्टपुरती सेटिंग बदलताना

स्प्रिंग बूटवर बांधलेलं एक ॲप्लिकेशन घ्या. ते बाहेरच्या पेमेंट सेवेला विनंती पाठवतं, उत्तरासाठी ३० सेकंद थांबतं आणि नाहीच आलं तर आणखी ३ वेळा प्रयत्न करतं. खऱ्या ग्राहकासाठी हे आकडे ठीक आहेत. पण ‘पलीकडची सेवा गप्प बसली तर?’ ही टेस्ट याच आकड्यांवर चालवली, तर एकटी तीच २ मिनिटं खाते. शंभर टेस्टच्या रांगेत अशा पाच-सहा असल्या की लोक टेस्ट चालवणंच टाळू लागतात.

म्हणून मूळ फाइलला हात न लावता टेस्टपुरते आकडे बदलायचे. स्प्रिंगमध्ये त्याचे मार्ग भरपूर आहेत, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. माझा आग्रह एकच आहे: बदल टेस्टच्या जवळ लिहा आणि शक्य तितका लहान ठेवा. टेस्ट वाचणाऱ्याला आकडा कुठून आला हे शोधत फिरावं लागू नये.

सुरुवात टेस्टपासून करू नका, आधी मूळ क्लास बघा. त्यात खाजगी फील्डवर जागोजागी @व्हॅल्यू लावलेलं असेल, तर ते आकडे एका छोट्या ‘पेमेंटसेटिंग्ज’ रेकॉर्डमध्ये गोळा करा. त्यावर @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज लावा आणि तो रेकॉर्ड कन्स्ट्रक्टरमधून आत द्या. मग टेस्टमध्ये ५० मिलिसेकंद आणि शून्य पुनर्प्रयत्न असा रेकॉर्ड हाताने बनवून क्लासला देता येतो. स्प्रिंग सुरू करायचीही गरज उरत नाही. बहुतेक टेस्टचं काम इथेच भागतं. पुढचं सगळं उरलेल्या थोड्या टेस्टसाठी आहे.

जिथे पूर्ण कंटेक्स्ट उभा करणं भाग आहे, तिथे @स्प्रिंगबूटटेस्टच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये थेट लिहा: पेमेंट.टाइमआउट=५० मिलिसेकंद. इथे दिलेली किंमत ॲप्लिकेशनच्या प्रॉपर्टीज फाइलवर मात करते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर आणि कमांड लाइनवरही.

अनेक टेस्टना तीच सेटिंग लागत असेल, तर ‘टेस्ट’ नावाचं प्रोफाइल करा, त्याची वेगळी फाइल ठेवा आणि @ॲक्टिव्हप्रोफाइल्सने ते चालू करा. इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की, टेस्टच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये मूळ फाइलच्याच नावाची फाइल ठेवली, तर दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत. क्लासपाथवर टेस्टचं फोल्डर आधी येत असल्याने मूळ फाइल वाचलीच जात नाही, आणि तिच्यातली इतर सेटिंग्जही गायब होतात. प्रोफाइलच्या फाइलचं नाव वेगळं असतं, त्यामुळे ती मूळ फाइलवर फक्त हवे तेवढे बदल चढवते.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोफाइलच्या फाइलपेक्षा वरचढ असतं. बिल्ड सर्व्हरवर कुणी टाइमआउटचं व्हेरिएबल लावून ठेवलं असेल, तर तुमच्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट तिथे फेल होईल, आणि फाइल कितीही वेळा तपासली तरी कारण सापडणार नाही. म्हणून ज्या आकड्यावर टेस्टचा निकाल अवलंबून आहे, तो ॲनोटेशनमध्येच लिहा. फाइलमध्ये फक्त सोयीच्या गोष्टी ठेवा, जसं लॉगची पातळी.

काही किंमती टेस्ट चालू झाल्यावरच कळतात. नकली पेमेंट सर्व्हर मोकळ्या पोर्टवर उभा केला की पत्ता दर वेळी नवा असतो. त्यासाठी स्प्रिंग फ्रेमवर्क ५.२.५ पासून, म्हणजे २०२० पासून, @डायनॅमिकप्रॉपर्टीसोर्स आहे. स्टॅटिक मेथड लिहायची आणि रजिस्ट्रीला पोर्ट सांगणारा लॅम्डा द्यायचा. सर्व्हर मात्र कंटेक्स्ट बनण्याआधी सुरू झालेला हवा. डेटाबेस टेस्टकंटेनर्समधून येत असेल, तर स्प्रिंग बूट ३.१ पासूनचं @सर्व्हिसकनेक्शन हे जोडकाम स्वतःच करतं. सिस्टिम प्रॉपर्टी सेट करण्याचा जुना मार्ग मात्र सोडा. ती किंमत त्या जेव्हीएममध्ये तशीच राहते आणि पुढच्या टेस्टच्या अंगावर येते.

आता खर्चाचं बघा. स्प्रिंग एकदा बनवलेला कंटेक्स्ट जपून ठेवतं आणि सेटिंग्ज तंतोतंत सारख्या असलेल्या पुढच्या टेस्टला तोच देतं. एक प्रॉपर्टी बदलली की नवा कंटेक्स्ट बनतो, म्हणजे पुन्हा सगळी सुरुवात. शिवाय साठवणीची मर्यादा मुळात ३२ कंटेक्स्टची आहे. प्रत्येक क्लासने आपापला वेगळा टाइमआउट घेतला, तर वाचवलेला वेळ इथे जातो. समान सेटिंग लागणाऱ्या टेस्टना एक सामाईक पालक क्लास द्या आणि ॲनोटेशन तिथेच लावा. @डर्टीजकंटेक्स्ट यासाठी लागत नाही. प्रॉपर्टी वेगळी असली की कंटेक्स्ट आपोआपच वेगळा मिळतो.

बदल खरंच लागू झाला का, हे गृहीत धरू नका. प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर चुकलं तरी स्प्रिंग तक्रार करत नाही. अनोळखी नाव मुकाट्याने सोडून दिलं जातं आणि टेस्ट जुन्याच ३० सेकंदांवर चालते. @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीजमध्ये ‘इग्नोरअननोनफील्ड्स’ची किंमत ‘फॉल्स’ केली, की त्या गटातलं चुकीचं नाव सुरुवातीलाच एरर देतं. नाहीतर टेस्टच्या पहिल्याच ओळीत सेटिंग्जचा बीन घेऊन त्यातला टाइमआउट तपासा.

आणि एक टेस्ट अशी ठेवा, जी काहीही बदलत नाही. तिने मूळ फाइल वाचावी, सेटिंग्जमध्ये ३० सेकंद आणि ३ पुनर्प्रयत्न आहेत का एवढंच बघावं. बाकी सगळ्या टेस्ट बदललेल्या आकड्यांवर चालत असताना मूळ फाइलमध्ये कुणी चुकून ३ सेकंद लिहिलं, तर ते फक्त याच टेस्टला कळेल.