वाचकांचे प्रश्न : रीळ एकाचे, गाणे दुसऱ्याचे

कलावंत गेला, पण स्टुडिओत केलेली त्याची काही ध्वनिमुद्रणे कधी बाजारात आलीच नाहीत. अशा मागे राहिलेल्या संगीताचे काय होते, हे विचारणारी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिले अमेरिकी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या चाहत्याचे, दुसरे एका दिवंगत गिटारवादकाच्या भावाचे आणि तिसरे एका वादकाचेच.

प्रश्न : हेंड्रिक्सचे हयातीतले स्टुडिओ अल्बम तीनच. तरी २०१० नंतरसुद्धा त्याचे ‘नवे’ अल्बम निघत राहिले. ते काढण्याचा अधिकार कोणाचा? पैसा कोणाला मिळतो? सोबतच्या वादकांना काही मिळते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये वारला. वय २७, लग्न झालेले नाही, मृत्युपत्र केलेले नाही. आई ल्युसिल १९५८ सालीच गेली होती. त्यामुळे त्याची मिळकत वडिलांकडे, सिअ‍ॅटलमध्ये बागकामाचा व्यवसाय करणाऱ्या अल हेंड्रिक्स यांच्याकडे आली. या मिळकतीतला खरा ठेवा टेपांचा होता. न्यूयॉर्कमध्ये हेंड्रिक्सने स्वतःसाठी उभारलेला ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ त्याच ऑगस्टमध्ये रीतसर सुरू झाला होता आणि तिथे चौथ्या स्टुडिओ अल्बमचे काम अर्ध्यावर होते.

त्या कामातला बराच भाग मार्च १९७१ मध्ये ‘द क्राय ऑफ लव्ह’ या नावाने बाहेर आला. तो पुरा करणारी माणसे हेंड्रिक्सला जवळून ओळखणारी होती : ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि ड्रमवादक मिच मिचेल. पुढे मात्र चित्र पालटले. व्यवस्थापक माइक जेफरी १९७३ मध्ये फ्रान्सच्या आकाशात झालेल्या विमान अपघातात दगावला. अल यांचा कारभार लिओ ब्रँटन हे वकील पाहू लागले आणि टेपांचे काम निर्माता अ‍ॅलन डग्लस यांच्याकडे गेले.

डग्लस यांनी १९७५ मध्ये काढलेला ‘क्रॅश लँडिंग’ आजही वादाचा विषय आहे. त्यांनी हेंड्रिक्सचा आवाज आणि गिटार ठेवली. मूळ बास आणि ड्रम मात्र पुसून स्टुडिओत बोलावलेल्या नव्या वादकांकडून ते पुन्हा वाजवून घेतले. काही गाण्यांवर सहरचनाकार म्हणून स्वतःचे नावही लावले. अल्बम चांगला खपला. पण ज्यांच्यासोबत हेंड्रिक्स प्रत्यक्ष वाजवत होता, ते वादकच त्यातून गायब झाले. सहरचनाकाराचे नाव लागले की रचनेच्या रॉयल्टीतला वाटा त्या नावावर जातो, हेही इथे ध्यानात घ्यायला हवे.

मुलाच्या संगीताचे हक्क आपल्या हातून गेले आहेत, हे अल यांना फार उशिरा उमगले. १९९३ मध्ये त्यांनी ब्रँटन आणि डग्लस यांच्यावर दावा लावला. खर्चासाठी कर्ज दिले मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी; तेही सिअ‍ॅटलचे आणि हेंड्रिक्सचे निस्सीम चाहते. १९९५ मध्ये तडजोड होऊन हक्क परत मिळाले आणि कुटुंबाची ‘एक्स्पीरियन्स हेंड्रिक्स’ ही कंपनी स्थापन झाली. पुण्याच्या वाचकाने पाहिलेले ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’ (२०१०), ‘पीपल, हेल अँड एंजल्स’ (२०१३) आणि ‘बोथ साइड्स ऑफ द स्काय’ (२०१८) हे अल्बम याच कंपनीने सोनी म्युझिकमार्फत काढले. जुन्या टेपांवर काम करायला एडी क्रेमर पुन्हा आले.

पैसा कोणाला, याचे उत्तर अल यांच्या मृत्युपत्रात आहे. २००२ मध्ये अल वारले. त्यांनी कारभाराची सूत्रे आणि मिळकतीचा मोठा वाटा जेनी हेंड्रिक्स यांना दिला. जेनी ही अल यांच्या दुसऱ्या पत्नीची मुलगी. अल यांनी तिला दत्तक घेतले होते. जिमीचा सख्खा भाऊ लिऑन याच्या वाट्याला एक गोल्ड रेकॉर्ड तेवढी आली. लिऑनने मृत्युपत्राला आव्हान दिले, पण २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने ते वैध ठरवले. आपल्या गाण्यांचा पैसा भावाला मिळावा की बहिणीला, यावर जिमीचे मत काय असते, हा प्रश्न न्यायालयापुढे येऊच शकत नव्हता. त्याने काही लिहून ठेवले नव्हते.

त्याने सही करून ठेवलेला एक कागद मात्र त्याला फार महाग पडला. ऑक्टोबर १९६५ मध्ये, तो अजून अनोळखी असताना, एड चाल्पिन या निर्मात्याबरोबर त्याने तीन वर्षांचा करार केला. रोख १ डॉलर आणि रॉयल्टी १ टक्का. प्रसिद्धी मिळताच चाल्पिन तो करार घेऊन पुढे आला. तो वाद मिटवण्यासाठी अमेरिकेत एक अख्खा अल्बम द्यावा लागला : १९७० चा ‘बँड ऑफ जिप्सीज’ हेंड्रिक्सच्या नेहमीच्या कंपनीऐवजी कॅपिटॉलने काढला, तो याच कारणाने.

आता सोबतचे वादक. बासवादक नोएल रेडिंग आणि ड्रमवादक मिच मिचेल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एकरकमी पैसे घेऊन आपले दावे सोडले. रेडिंगला मिळाले १ लाख डॉलर. रेडिंग २००३ मध्ये गेला, मिचेल २००८ मध्ये. त्यांच्या वारसांच्या कंपन्यांनी २०२२ मध्ये लंडनमध्ये सोनीवर दावा लावला : ध्वनिमुद्रणाच्या मालकीत आणि वादक म्हणून मिळणाऱ्या हक्कांत आमचा वाटा आहे. सोनीचे म्हणणे, तो विषय तेव्हाच संपला. मुद्दा बारीक आहे. ब्रिटनमधले वादकांचे आजचे हक्क १९८८ च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनी दिलेले आहेत. रेडिंग आणि मिचेल यांनी सह्या केल्या तेव्हा ते अस्तित्वातच नव्हते. जे अस्तित्वात नव्हते ते माणूस सोडून देऊ शकतो का? हा दावा सुरुवातीलाच फेटाळण्याजोगा नाही, त्यावर खटला चालला पाहिजे, असे लंडनच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ठरवले.

प्रश्न : माझा भाऊ मुंबईतल्या एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. १९९८ मध्ये बँडने वर्गणी काढून एका स्टुडिओत नऊ गाणी मुद्रित केली, पण कॅसेट निघालीच नाही. चाली भावाच्या, शब्द बँडमधल्या मित्राचे. भाऊ २०२४ मध्ये गेला. अविवाहित होता, मृत्युपत्र नाही. आई आहे, वडील नाहीत. मूळ टेपा स्टुडिओमालकाकडे आहेत आणि तो म्हणतो, त्या माझ्या. एक कंपनी एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क कायमचे’ मागते आहे. मी सही करू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सही करू नये. एक तर ती सही करण्याचा अधिकार या वाचकाकडे नाही. कुटुंबाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असेल, तर अविवाहित पुरुषाच्या पश्चात आई ही पहिल्या वर्गातली वारस असते आणि भाऊ दुसऱ्या वर्गातला. पहिल्या वर्गातले कोणी हयात असताना दुसऱ्या वर्गाची पाळी येत नाही. म्हणजे भावाच्या सगळ्या हक्कांची मालकी एकट्या आईंकडे आली आहे. त्यांना कागदपत्रांची दगदग नको असेल, तर त्या मुलाला मुखत्यारपत्र देऊ शकतात. (गोव्यात वारशाचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथल्या वाचकांनी हे उत्तर जसेच्या तसे लावू नये.)

एका टेपेत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि भांडणे बहुतेक वेळा त्यांची सरमिसळ झाल्याने होतात. पहिली, टेप ही वस्तू. दुसरी, रचना, म्हणजे चाल आणि शब्द. तिसरी, ध्वनिमुद्रण. चौथी, प्रत्येक वादकाचे आणि गायकाचे सादरीकरण.

स्टुडिओमालकाचा दावा फार तर पहिल्या गोष्टीवर चालेल, तोही टेपेचे पैसे बँडने दिले नसतील तर. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक त्याचा निर्माता असतो आणि निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा. वर्गणी बँडने काढली, तास बँडने ठरवले, बिल बँडने भरले. तर निर्माता बँड. मशीन शिंप्याचे असले म्हणून कापड त्याचे होत नाही. त्यामुळे १९९८ ची पावती, डायरीतली नोंद, बँकेचे पासबुक, जे मिळेल ते आधी शोधावे. दरम्यान मालकाशी वाद न वाढवता टेपांची डिजिटल प्रत करून घेण्याची लेखी विनंती करावी, कारण पंचवीस वर्षांहून जुन्या चुंबकीय टेपा खराब होत जातात.

निर्माता बँड असेल, तर ध्वनिमुद्रण सर्व सदस्यांच्या सामाईक मालकीचे ठरते. अशा वेळी एकट्या सहमालकाला बाहेरच्याला परवाना देता येत नाही; एका चित्रपटाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून बँडच्या सगळ्या साथीदारांच्या सह्या लागतील. शब्द लिहिणाऱ्या मित्राची संमती गीतकार म्हणूनही लागेल. ज्याने ड्रम वाजवले त्याला सादरकर्त्याचे हक्क आहेत. ते सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षे, म्हणजे इथे २०४८ अखेरपर्यंत टिकतात.

चालींची मुदत ठरवताना एक प्रश्न विचारावा लागेल : भावाने हयातीत यातली कोणती गाणी रंगमंचावर वाजवली होती? कायद्याच्या कलम २४ प्रमाणे हयातीत प्रकाशित न झालेल्या संगीतरचनेची ६० वर्षे पहिल्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. पण त्याच कलमात जाहीर सादरीकरण हे प्रकाशन मानले आहे. म्हणजे कॉलेजच्या महोत्सवात वाजवलेल्या गाण्याची मुदत मृत्यूपासून मोजायची. ती २०८४ अखेर संपेल. कधीच लोकांपुढे न आलेल्या गाण्याची मुदत अल्बम निघेल तेव्हापासून. जुनी पोस्टर, कार्यक्रमपत्रिका, गाण्यांच्या याद्या म्हणूनच जपाव्यात.

आता कंपनीचा कागद. ‘सर्व हक्क कायमचे’ या शब्दांना उत्तर देण्याइतके बळ भारतीय कायद्यात आहे. हस्तांतर लेखी आणि सहीचे हवे. त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला हे लिहिलेले हवे. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी दिल्या. सहीच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारात नव्हते, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल तर हस्तांतर त्याला लागू होत नाही. आणि ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकार व गीतकार यांना सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. एकरकमी रकमेने तो वाटा पुसला जात नाही. रेडिंगने एकरकमी पैशांसाठी केलेल्या सहीशी ही तरतूद ताडून पाहावी, म्हणजे तिचे मोल कळते.

आईंनी भावाच्या वारस म्हणून आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीत नोंदणी करावी आणि कंपनीकडून दोन कलमे आग्रहाने मागावीत. एक, मूळ वादन काढून त्या जागी दुसऱ्याचे वादन लेखी संमतीशिवाय घालायचे नाही. कलम ५७ खाली रचनेची मोडतोड करून रचनाकाराच्या लौकिकाला बाधा आणली, तर वारस दाद मागू शकतात; पण संकलनासाठी वादनाचा भाग गाळला तर तेवढ्याने वादकाच्या लौकिकाला बाधा येते, असे कायदा मानत नाही. ‘क्रॅश लँडिंग’सारखा प्रकार टाळायचा असेल तर तो करारातच अडवावा. दुसरे, ठरलेल्या तारखेपर्यंत अल्बम निघाला नाही तर हक्क परत. कायद्यातही वर्षभर हक्क न वापरल्यास हस्तांतर रद्द समजले जाते, पण ‘करारात वेगळे ठरले नसेल तर’ अशी अट आहे, आणि कंपन्यांचे छापील करार तिथेच वेगळे ठरवतात.

प्रश्न : मी व्यावसायिक गिटारवादक आहे. हार्ड डिस्कवर कितीतरी अपुरी ध्वनिमुद्रणे आहेत. काही माझ्या मागे निघाली तर आनंदच आहे, काही कोणीच ऐकू नयेत. मृत्युपत्रात हे लिहिता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : येईल, आणि नेमकेपणाने लिहावे. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर याने १९७७ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एक पूर्ण अल्बम मुद्रित केला. मिश्रण मनासारखे जमेना म्हणून त्याने तो रद्द केला. गॅलाघर १९९५ मध्ये गेला; कारभार पाहणारा भाऊ डोनल आणि पुतण्या डॅनियल यांनी नव्याने मिश्रण करून २०११ मध्ये तो ‘नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को’ या नावाने काढला. घरच्यांनी जिव्हाळ्याने केलेले काम होते. तरी निर्णय घरच्यांचा होता, गॅलाघरचा नव्हता. अमेरिकी गायक प्रिन्सच्या बाबतीत तर निर्णय फक्त घरच्यांचाही नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये तो मृत्युपत्राविना गेला; मिळकतीचे मूल्य करखात्याशी वाद होऊन सुमारे १५.६ कोटी डॉलर ठरेपर्यंत २०२२ उजाडले. तोवर त्याच्या प्रसिद्ध तिजोरीतल्या टेपांचे काय करायचे, हे न्यायालयाने नेमलेले व्यवस्थापक ठरवत होते.

मृत्युपत्रात ‘माझी हार्ड डिस्क मुलीला’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. अप्रकाशित संगीतरचनेचे हस्तलिखित कोणाला दिले तर त्यातला कॉपीराइटही दिला असे कलम २० मानते. पण डिस्कवरचे ध्वनिमुद्रण हे हस्तलिखित नव्हे. म्हणून वस्तू, रचना, ध्वनिमुद्रण आणि सादरीकरण या चारही गोष्टी नावानिशी लिहाव्यात. फायलींची यादी तीन गटांत करावी : जशी आहे तशी प्रसिद्ध करण्याजोगी, अमुक ध्वनिमुद्रकाने पुरी केल्यास प्रसिद्ध करण्याजोगी, आणि कधीच नाही. संगीताची जाण असलेला एक्झिक्युटर नेमावा. दोन साक्षीदारांसमोर सही करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

तिसऱ्या गटातल्या ज्या फायलींबद्दल मनात शंकाच नाही, त्या स्वतःच्या हातांनी आजच पुसाव्यात, आणि त्यांची एखादी प्रत स्टुडिओत किंवा साथीदाराच्या लॅपटॉपवर राहिली आहे का, हेही विचारून घ्यावे.