दात खाण्याचा खर्च किती?

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो. आवाज ऐकतो तो रूममेट. नीट-जेईईसाठी लातूरला राहिलेल्या मुलाच्या घरी हे कळतं ते सकाळी जबडा दुखतो, कानशिलं ठणकतात अशी तक्रार आल्यावर. आजी जंतांची गोळी सुचवते. गोळी स्वस्त आहे, पण जंतांशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही.

पुण्या-मुंबईत खासगी दंतवैद्याची तपासणी साधारण ३०० ते ८०० रुपयांत होते. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, प्रत्येकाला लागत नाही. कशासाठी काढायचा ते विचारा. चालू असलेली औषधं मात्र आवर्जून सांगा. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनीही काहींचे दात आवळले जातात. पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं. मुलगा घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

मोठा आकडा झोपताना दातांवर घालायच्या नाइट गार्डचा. मापानं बनवलेलं मऊ गार्ड साधारण २,००० ते ५,०००, कडक अ‍ॅक्रिलिकचं ५,००० ते १२,००० रुपये. नंतर घासून नीट बसवण्याच्या फेऱ्या यात धरल्या आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा. गार्ड सवय मोडत नाही, दातांची झीज तेवढी वाचवतं. ब्रेसेस चालू असतील किंवा जबडा अजून वाढत असेल तर घाई नको; काही महिन्यांत ते बसेनासं होतं. मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं यांत उपचार बरेच स्वस्त पडतात, रांगेची तयारी हवी. विम्यावर विसंबू नका, बहुतेक पॉलिसी अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत.

‘चावा जुळवायला दात जरा घासू’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. घासलेलं इनॅमल परत येत नाही. जबड्याच्या स्नायूंत द्यायच्या बोटॉक्स इंजेक्शनचा खर्च हजारोंत आणि असर तीन-चार महिने; विशीतल्या मुलांना ते सुचवण्याची घाई मला पटत नाही.

दिवसा अभ्यास करताना जबडा आवळणाऱ्यांचा उपाय फुकट आहे: ओठ मिटलेले, दात सुटे. मोबाइलवर तासातासाची आठवण लावावी, संध्याकाळनंतर कॉफी आणि एनर्जी ड्रिंक टाळावं. गार्डचे पैसे भरण्याआधी दोन-तीन आठवडे हे करून बघायला हरकत नाही. मात्र दाताचा टवका उडाला, थंड-गरम झोंबू लागलं किंवा तोंड पूर्ण उघडेना, तर थांबू नये.