सांडपाण्यातील सल्फाइडचे मापन

कातडी कमावण्याच्या कारखान्यांत केस काढण्यासाठी चुना व सोडियम सल्फाइड यांचा उपयोग करतात. सांडपाणी अल्कधर्मी असेपर्यंत सल्फाइड पाण्यातच विरघळून राहते; त्याच गटारात आम्लयुक्त पाणी येऊन मिळाले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. मात्र हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की घ्राणशक्तीच बधिर होते, आणि गटारात उतरलेल्या कामगाराला धोका टळल्यासारखे वाटते. नाकावर विसंबून चालत नाही ते यामुळेच. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सल्फाइड असता कामा नये.

हे प्रमाण ठरविण्याची एक भरवशाची पद्धती म्हणजे विभवमापी अनुमापन. नमुन्यात ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेटचा विद्राव थेंबाथेंबाने सोडतात. सल्फाइडचा प्रत्येक आयन चांदीचे दोन आयन पकडतो व सिल्व्हर सल्फाइडचा काळा साका बनतो. अशा काळ्या, गढूळ पाण्यात रंग बदलणारा दर्शक काय दिसणार? त्याऐवजी सिल्व्हर सल्फाइडचे विद्युत अग्र व एक संदर्भ अग्र पाण्यात बुडवून त्यांच्यामधील विभवांतर मिलिव्होल्टमध्ये वाचतात. प्रारंभी आकडा सावकाश सरकतो; सल्फाइड संपताच एकदोन थेंबांत तो एकदम झेप घेतो. तोच अंतिम बिंदू.

समजा, १०० मिलिलिटर सांडपाण्याला ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट ५ मिलिलिटर लागले. त्यावरून सल्फाइड ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ८ मिलिग्रॅम, मर्यादेच्या चौपट ठरते.

उपकरण कितीही अचूक असले तरी खरी कसोटी गटाराच्या काठावर लागते. अर्धवट भरलेल्या बाटलीत काही सल्फाइड वायुरूपाने उडून जाते, काहींचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होते. मग प्रयोगशाळेचा आकडा प्रामाणिक असूनही दोषी कारखाना निर्दोष ठरतो. यास्तव नमुना घेताक्षणीच, तेथेच, मोजून घेतलेल्या संरक्षक विद्रावात मिसळावा लागतो. त्यातील सोडियम हायड्रॉक्साइड वायू सुटू देत नाही, तर ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आवळ्यातले क जीवनसत्त्वच, ऑक्सिडीकरण रोखते. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट बसवावे, आणि चिठ्ठीवर स्थळासोबत नमुना घेतल्याची वेळही नोंदवावी.