टाचेची उंची व पावलाचा तोल
(सामान्य विज्ञान : इयत्ता सातवीसाठी एक पाठ)

दाब व तोल शिकविण्याचे साधन शाळेच्या उंबऱ्याबाहेरच पडलेले असते. ते म्हणजे मुलांनी काढून ठेवलेल्या वहाणा.

मनुष्य अनवाणी स्वस्थ उभा असता त्याच्या भाराचा निम्म्याहून अधिक वाटा टाचा उचलतात. उरलेला चवड्यांवर पडतो. टाचेखाली उंचवटा आला की भार पुढे सरकतो आणि चवड्यावरील दाब वाढतो. घोट्याचा सांधाही ह्या स्थितीत कमी स्थिर असतो, म्हणून पाऊल मुरगळण्याचा संभव वाढतो. उंच टाचांची सवय दीर्घकाळ राहिल्यास पोटरीचे स्नायू आखडतात.

उंचीबरोबर टाचेची रुंदीही पाहावी. चालताना ४८ किलोग्रॅमचा भार क्षणभर एकाच टाचेवर आला असे मानू. टाचेचे क्षेत्रफळ २४ चौ. सें.मी. असल्यास दर चौ. सें.मी.वर २ किलोग्रॅम भार पडेल, २ चौ. सें.मी. असल्यास २४ किलोग्रॅम. अरुंद टाच ओल्या मातीत रुतते ती ह्यामुळेच.

प्रयोग १ : ओल्या वाळूवर वीट प्रथम आडवी, मग उभी ठेवावी. उभी वीट अधिक रुतते आणि थोड्या धक्क्याने कलंडते. पाया अरुंद व गुरुत्वमध्य उंच, हे त्याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे.

प्रयोग २ : विद्यार्थ्याने सपाट जमिनीवर उभे राहावे, नंतर दोन्ही टाचांखाली दोन बोटे जाडीची फळी घ्यावी. भार कोठे सरकला, हे त्यालाच सांगू द्यावे. आधारास शेजारी दुसरा विद्यार्थी असावा.

यानंतर जुन्या वहाणांच्या टाचा पाहाव्यात. टाच मागे व किंचित बाहेरच्या अंगाला झिजणे स्वाभाविक होय. एकच टाच फार झिजली असेल, किंवा झीज एका कडेलाच असेल, तर त्या मुलाची चाल शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहावी. दोष वाटल्यास पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सुचवावे. स्नेहसंमेलनात मुलींना मोठ्यांच्या उंच टाचांच्या चपला घालून नाचू देऊ नये. वाढत्या पायास सखल, रुंद टाचेची व मापाची वहाणच योग्य.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. ज्याच्या पायी वहाण नाही, त्यास ह्या पाठात ओशाळे वाटता कामा नये. पावलाचा ठसा फरशीवर दाखविण्यासाठी प्रथम त्यालाच पुढे बोलवावे. टाच, चवडा व बोटे भार कसा वाटून घेतात, हे त्याच्या ओल्या पावलावरून साऱ्या वर्गास कळेल.