चारोळीचे रोप घरी

अर्धापूरच्या शिवारात केळीची बाग कोणी बी पेरून लावत नाही. मुनवे खणून लावतात किंवा ऊतिसंवर्धित रोपे विकत आणतात. आपण खातो त्या केळीच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. प्रत्येकी ११, एकूण ३३. जननपेशी तयार होताना तिनाचे दोन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून बी धरत नाही. बियांपासून झाड वाढवून पाहायचे असेल तर आपल्याच नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या जंगलाकडे वळावे लागेल. तिथे चाराची झाडे आहेत. श्रीखंडावर पेरतात ती चारोळी या चाराच्या आठळीतला गर होय.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. वाण्याकडची दहा-बारा चारोळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. त्या फुगतील, पुढे बुरशी धरतील, पण कोंब बहुधा येणार नाही. असे का व्हावे? आठळ्या जात्यात किंवा दगडांवर भरडून गर काढतात, तेव्हा कडेला असलेले नाजूक आदिमूळ दुखावते. शिवाय चारोळीत निम्म्याच्या आसपास तेल असते. साठवणीत ते खवट होत जाते आणि गर्भ मरतो. खायला चांगले बी पेरायलाही चांगले असेलच असे नाही!

म्हणून अख्खी आठळीच हवी, आणि तीही ताजी. एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण पिकून काळसर झालेली फळे मिळवा. कच्ची फळे घेऊ नका. त्यांतले बी अपुरे असते. (बाजारात लवकर माल न्यावा म्हणून जंगलात कच्चीच फळे ओरबाडली जातात, फांद्याही तोडल्या जातात. मग खाली नवी रोपे उगवणार कशी?) फळांचा गर चोळून धुवा आणि आठळ्या पाण्यात टाका. तरंगतात त्या बहुतेक पोकळ असतात. त्या काढून टाका. बुडालेल्या सावलीत दोन दिवस सुकवा.

आता खरी गंमत. आठळ्यांचे दोन सारखे भाग करा. एका भागातील प्रत्येक आठळी पकडीत धरून शिवणीवर हलकेच दाबा. कवचाला फक्त चीर गेली पाहिजे. आतला गर चेपला तर बी वाया गेले. दुसरा भाग तसाच ठेवा. दोन्ही एक दिवस पाण्यात भिजवून वेगवेगळ्या पिशव्यांत बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेरा. कवच फोडलेल्या आठळ्या सहसा आधी आणि जास्त संख्येने उगवतात. टणक कवचातून पाणी हळू शिरते, आणि शिरले तरी फुगलेल्या बीला ते उकलावे लागते. जंगलात हे काम ऊन, पाऊस आणि कुजण्याची क्रिया सावकाश करतात.

मग झाडाने एवढे जाड कवच केलेच कशाला? याचे उत्तर तुमच्या पिशव्यांतच मिळेल. चिरलेल्या आठळ्यांकडे मुंग्या आणि बुरशी लवकर पोहोचतात. त्यामुळे किती उगवल्या याबरोबर किती कुजल्या तेही वहीत तारीखवार लिहा.

आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. माती, वाळू व कुजलेले शेणखत सारखे मिसळा आणि पिशवीला खाली भोके पाडा. पिशवी उंच असावी, कारण चाराचे सोटमूळ भराभर खाली जाते. वर मात्र रोप महिनोन्महिने वीतभरच दिसते. त्याला उपटून पाहण्याचा मोह आवरा.

चार, काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली मंडळी. बिब्ब्यावर मात्र हा पकडीचा प्रयोग मुळीच करू नये. त्याच्या कवचातील तेलाने अंगावर फोड उठतात.

दुसऱ्या पावसाळ्यात मुळांभोवतीची माती न सुटू देता रोप शाळेच्या आवारात लावा, पाणी साचणार नाही अशा जागी. फळांसाठी आठ-दहा वर्षे तरी लागतील. तेव्हा रोपाजवळ लावण्याची तारीख लिहिलेली पाटी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्गांना मोजणी चालू ठेवता येईल.