संमतिपत्रावरची सही

सावनेर,
आश्विन वद्य पंचमी

चि. छोटू,

परवा आपला जुना शेजारी वीजकेंद्रातली पाळी संपवून घरी परतताना मुद्दाम वाकडी वाट करून माझ्याकडे आला, आणि चहाचा पेला हातात तसाच धरून त्याने जे सांगितले त्यामुळे दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. तू सैन्यभरतीचा अर्ज भरलास, दाखल्यांच्या नकला काढल्यास, पहाटे काळोखात धावायला जातोस, हे सारे मी आनंदाने ऐकले असते; परंतु अठरा वर्षे पुरी नसल्यामुळे ज्या संमतिपत्रावर आईबापांची सही लागते, ती तू आपल्याच हाताने ठोकून देणार आहेस, आणि नेमणुकीचा हुकूम हाती येईतो घरात चकार शब्द काढणार नाहीस, असे तू मित्रांपाशी बोललास म्हणे. वार्ता खोटी असेल तर हे पत्र फाडून टाक आणि म्हाताऱ्याला क्षमा कर. खरी असेल तर शेवटपर्यंत वाच.

तुझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर काटोलच्या भूषण सतईचे छायाचित्र आहे, हेही त्यानेच सांगितले. ते तू का लावलेस हे मला कोणी सांगायला नको, कारण त्या दिवाळीत काटोलच्या गर्दीत तुझा हात मी घट्ट धरला होता, आणि पार्थिव पुढून गेले तेव्हा तुझी बोटे माझ्या पंजात कशी थरथरली ते मला अजून आठवते. बारा वर्षांचा होतास तू. 2020 सालचा नोव्हेंबर, तेरा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. नियंत्रणरेषेवर गुरेझच्या बाजूला पाकिस्तानी तोफांचा मारा सुरू झाला आणि मराठा पलटणीचा हा नायक, अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा, आपल्या जिल्ह्याचा, संत्र्यांच्या मुलखातला, तिथे पडला. त्याच दिवशी आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा ऋषिकेश जोंधळे गेला. तो तर विशीतला. आणि जी गोष्ट मला आजही गिळता येत नाही ती ही, की साडेतीन महिने पुरे व्हायच्या आत, 25 फेब्रुवारी 2021 रोजी, दोन्ही सैन्यांनी गोळीबार थांबवल्याचे एकत्र जाहीर केले. साडेतीन महिने! सरकारी दप्तरात ही मुदत एका ओळीत मावते. ज्या घरचा मुलगा गेला त्या घराने ती कशी मोजली असेल, याचा विचार त्या काचेतून रस्ता पाहताना तुझ्या मनात कधी येतो का?

शौर्याचा पाठ मी तुला काय देणार? माणगावच्या मुलखातला यशवंत घाडगे बाविसाव्या वर्षी इटलीत पडला, 10 जुलै 1944 रोजी. सारे साथीदार मरून किंवा जायबंदी होऊन पडल्यावर तो एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला, आणि त्याच्या नावाचे सूर्यघड्याळ मोन्तोने नावाच्या तिथल्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी, 2023 साली उभारले. परक्या गावाने इतक्या वर्षांनी आठवण ठेवावी, याने माझे अंतःकरण भरून येते. तरीही मला पुनःपुन्हा तेच विचारावेसे वाटते: छोटू, आईला सांगितलेस का?

आता जे लिहितो ते घरात दोघांनाच ठाऊक होते, मला आणि तुझ्या आजोबांना, आणि ते गेल्यापासून मी एकटाच ते वागवतो आहे. 1971च्या डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. घरी कुणाला न सांगता, उशाखाली चिठ्ठीसुद्धा न ठेवता, मी पहाटे सैन्यात भरती व्हायला कामठीचा रस्ता धरला. छातीच्या मापात बसलो नाही; भरतीवाल्यांनी माझे नावसुद्धा लिहून घेतले नाही. मग लाजेने दोन रात्री इतवारी स्टेशनच्या फलाटावर काढल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खापरखेड्यात शिरलो, तर कन्हानच्या काठावर सारे गाव जमलेले. आदल्या संध्याकाळी कुणीतरी मला नदीकडे जाताना पाहिल्याचे बोलले होते, आणि तेवढ्यावरून माझ्या आईने डोहात माणसे उतरवली होती. तुझे आजोबा, दहा वर्षांचे पोर, तिच्या पदराला धरून थंडीत उभे होते. मला पाहून आई ओरडली नाही, रडली नाही, मारलेही नाही. उठली, घरी गेली आणि चूल पेटवली. पुढे ती बावीस वर्षे जगली, पण कुठे गेला होतास, हे तिने मला एकदाही विचारले नाही आणि मी एकदाही सांगितले नाही. मात्र कन्हानचा पूल आला की बसच्या खिडकीतून ती तोंड फिरवून घेई. ते तोंड फिरवणे माझ्यामुळे होते, आणि ते मला ठाऊक होते.

म्हणून ती सही तू करू नकोस. पहिलाच कागद खोटा करून ज्या निशाणापुढे शपथ घ्यायला निघालास, त्या निशाणाला तू काय तोंड दाखवणार? तुझा बाप सिल्लेवाड्याच्या खाणीत उतरतो. पाळी सुटायला अर्धा तास उशीर झाला तर तुझी आई काम टाकून दारात येते, हे तू लहानपणापासून पाहत आला आहेस. वाट पाहणे म्हणजे काय ते त्या बाईला शिकवावे लागणार नाही. पण कुणाची वाट पाहायची आहे, एवढे तरी तिला कळले पाहिजे ना? आणि तू गेलास, गुरेझला गेलास, की आणखी कुठे, तर तुझ्या गणवेशातल्या छायाचित्राला पहिला गंध तिने लावावा, नंतर गावाने.

मी फार कठोर लिहिले. थांबून पाणी प्यालो आणि पुन्हा लिहायला बसलो आहे. तू वाईट मुलगा नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू न बोलण्याचे कारणही मला कळते. नाही म्हणतील, ही भीती. मलाही तीच होती. पण तुझ्या आईला मी ओळखतो. ती रडेल, एक दिवस जेवणार नाही आणि मग तुझे कागद स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देईल. तुझा बाप गप्प राहील. त्याच्या गप्प राहण्याला होकार समज, सही मात्र त्याच्याच हातची घे.

तुला एकट्याला सांगवत नसेल तर वसुबारसेच्या दिवशी मी येतो. सकाळच्या गाडीने निघेन. तुम्ही तिघे आणि मी, आधी जेवण करू, मग मीच विषय काढीन आणि तू फक्त माझ्या शेजारी बसून राहा. तेव्हाच कन्हानची ती गोष्टही मी तुझ्या बापाला सांगीन. त्याच्या बापाने ती त्याला सांगितली नाही, माझ्यासाठी सांगितली नाही.

शेजारी म्हणत होता की तुझ्या बुटांचे तळवे फाटलेत आणि सोळाशे मीटर तू तसाच धावतोस, नऊ फुटांचा खंदकही त्यांतच ओलांडतोस. पायाला जखम झाली तर लगेच दाखव, अंगावर काढू नकोस. बुटाचे माप उलट टपाली कळव. इथल्या बाजारात चांगले जोड आले आहेत, येताना घेऊन येतो.

तुझे,
मोठे आबा