‘व्यवसाय’चा रकाना

चि. बाळ,


परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, आमच्या समुपदेशनाच्या वर्गात बहुतेक मुलीच आहेत, त्यामुळे बायकांबद्दल पूर्वग्रह वगैरे आमच्याकडे नाहीत.’ ते वाक्य मावशीच्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

१९७० साली इंगे ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७९ मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकांपुढे स्वभावगुणांची एक यादी ठेवली. त्यांत ४६ पुरुष होते, ३३ स्त्रिया. एका गटाने निरोगी पुरुष कसा असतो ते सांगायचं, दुसऱ्याने निरोगी स्त्री आणि तिसऱ्याने नुसता निरोगी प्रौढ माणूस. पुरुष आणि माणूस जवळपास सारखेच निघाले. निरोगी स्त्री मात्र जास्त नमतं घेणारी, कमी स्वतंत्र, चटकन कुणाच्या सांगण्यात येणारी! म्हणजे बाईने ‘चांगली बाई’ व्हावं तर ती पुरती माणूस ठरत नाही, आणि माणूस व्हावं तर चांगली बाई राहत नाही. तुझ्या वाक्याला उत्तर पुढे आहे: स्त्री तज्ज्ञांची उत्तरं पुरुषांपेक्षा वेगळी नव्हती.

अमेरिकेतली जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर आपल्याकडचं २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे. स्वयंपाक बिघडला, सासरच्यांचा मान राखला नाही, अशा सातांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारलं तर चालतं, असं देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी सांगितलं. पुरुषांचा आकडा ४४. वर्गात येणाऱ्या मुली याच घरांतून येतात.

सोलापुरात शिकाऊ समुपदेशकाची खरी परीक्षा केसपेपरवरच्या ‘व्यवसाय’ या रकान्यात होते. शहराच्या पूर्व भागातली एखादी बाई येते. काय करता, विचारलं की म्हणते, घरीच असते. झालं, ‘गृहिणी’! प्रत्यक्षात ती कारखान्यातून तेंदूपान, तंबाखू, दोरा घेऊन येते, पानं भिजवते, कात्रीने कापते, हजाराच्या हिशेबाने बिड्या वळते आणि मोजून परत देते. यंत्रमाग बंद पडून नवरा घरी बसला की चूल तिच्या बोटांवर चालते. जवळच्या कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली ती बिडी कामगार म्हणून या बायकांची नोंद होती म्हणून. आपल्या कागदावर मात्र त्या गृहिणी. आणि तो एक शब्द पडला की पुढचे प्रश्न आपसूक बदलतात. पैशाचं, कामाच्या ताणाचं नवऱ्याला विचारायचं. सासूचं, पोरांचं, स्वयंपाकाचं तिला. तिची मान दिवसभर सुपावर वाकलेली असते हे कुणी विचारत नाही, पण ‘स्वभाव चिडचिडा’ हे लिहून होतं.

आणखी एक, खास आपल्या गावाचं. बाई तेलुगू बोलते, कधी कानडी, कधी उर्दू. शिकाऊ मुलीला ती भाषा येत नाही, मग सोबतचा नवरा दुभाषा होतो. तिची चार वाक्यं, त्याचं एक: ‘तिचं काही नाही, उगाच टेन्शन घेते.’ अशा वेळी पेन खाली ठेवावं, हवी तर वेळ बदलून घ्यावी, पण दुसरा दुभाषा शोधावा.

पुरुषांच्या वाट्यालाही असे पूर्वग्रह येतात. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. तरी मुलगा गप्प झाला की आपण अभ्यासाचं विचारतो, मुलगी गप्प झाली की दार लावून तिला बोलतं करतो. २०२२ साली देशात आत्महत्या केलेल्यांत दर दहांमागे सात पुरुष होते. त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक नोंदी ‘गृहिणी’ अशा आहेत. पुन्हा तोच रकाना.

मावशीलाही हे फार उशिरा कळलं. समुपदेशनाच्या सुरुवातीच्या काळात एक जोडपं आलं होतं. बाई रडत होती, नवरा खिडकीबाहेर बघत होता. मावशीने तिला पाणी दिलं, रुमाल दिला आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘पती सहकार्य करत नाहीत.’ त्याचं काम सात महिन्यांपूर्वी सुटलंय हे चौथ्या भेटीत कळलं, तेही बायकोकडून. त्याला पाण्याचा पेला कुणी पुढे केलाच नव्हता.

नीट विचारायचं कसं, याचा एक नमुना: १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, नंतर तो राज्यभर पसरला. तिथल्या कामाबद्दल मिळेल ते वाच. पोलिसांच्या आवारात बसून, संसार सावरण्याच्या घाईत न पडता, आधी बाईला काय हवंय हे विचारायचं, ही रीत त्या समाजसेवकांनी कष्टाने बसवली. समेट झाला म्हणजे प्रकरण निकालात, असं तुझ्या वर्गात कुणी शिकवलं तर मान डोलावू नकोस, प्रश्न विचार. (शिकवणाऱ्यांना राग येईल. येऊ दे.)

पुढच्या रविवारी येशील तेव्हा तुझ्या टिपणांपैकी तीन, नाव-पत्ता आणि ओळख पटेल असं सगळं खोडून, नव्याने उतरवून आण. ‘पती’ असेल तिथे ‘पत्नी’ लिही, ‘पत्नी’ तिथे ‘पती’. मग आपण ती मोठ्याने वाचू, आणि ज्या वाक्याला तुला हसू येईल तिथे पेन्सिलीने खूण करू.

तुझी,
मावशी